इंजिनातलं पीठ

१

अंबत्तूरच्या त्या गल्लीत सकाळचं दूध यायच्या आत तीन बायका राममूर्तींच्या फाटकाशी आल्या आणि आवाज खाली आणून एकच प्रश्न विचारून गेल्या : कोण गेलं?

कुणीच गेलं नव्हतं. पण दारात कोलम नव्हता. आपल्याकडे रांगोळी सणावारी. चेन्नईत तांदळाच्या पिठाची ती ठिपक्यांची नक्षी रोज पहाटे दारात हवीच. नसली की घरात सुतक आहे, एवढा त्या गावाचा सरळ हिशेब.

वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू जयवंतीबाई कॉफीचा पेला हातात धरून हे सगळं गच्चीच्या कठड्यावरून पाहत होत्या. मूळच्या मिरजेच्या, पण जवळच्या आवडी गावातल्या संरक्षण कारखान्यात तपासणी विभागात नोकरी करता करता इकडच्याच झालेल्या. इंजिनांचे सुटे भाग भिंगाखाली धरायचे, पास करायचे नाहीतर परत पाठवायचे, यात उमर गेली. निवृत्तीनंतर भाग उरले नाहीत, म्हणून त्या माणसं तपासत. कुणाच्या जमेला काय, कुणाच्या नावे काय, सगळं तोंडपाठ. आणि बहुतेकांना शेवटी पासच करत, पण ते कुणाला कळू देत नसत.

खाली राममूर्ती तिसऱ्या बाईला सांगत होते, "इंजिन गेलं हो. मुलाच्या गाडीचं."

"अय्यो," बाई म्हणाली आणि सवयीनं पदर डोळ्याला लावून मोकळी झाली.

जयवंतीबाईंना हसू आलं, पण टिकलं नाही. राममूर्तींच्या बायकोला, तुळसीबाईंना, तापानं फणफणतानासुद्धा त्यांनी कोलम चुकवताना पाहिलं नव्हतं. त्यांनी पेला खाली ठेवला, तोच जिन्यात राममूर्तींच्या चपला वाजल्या.

राममूर्ती बँकेतून निवृत्त झालेले. घराणं तंजावरचं, पूर्वज महाराष्ट्रातून निघाले ते तिथेच राहिले, आणि त्यांच्याबरोबर निघालेली मराठीसुद्धा निघाली त्याच अंगरख्यात राहिली.

"अक्का, घर मोडूं लागलं," ते दारातूनच म्हणाले. मग एकेक सांगितलं. मुलगा श्रीवत्स याची ती लाल, दोन माणसांची, पोट जमिनीला टेकवून चालणारी जुनी जपानी स्पोर्ट्स कार अचानक ताकद हरवून बसली, तेल प्यायला लागली. काल त्याच्या मित्रानं, व्यंकटनं, इंजिन उघडलं. आत पांढरी, करकरीत पूड. सिलिंडरच्या भिंती ओरखड्यांनी खराब झालेल्या. आणि श्रीवत्स घरी येऊन सगळ्यांदेखत आईला म्हणाला, "अम्मा, हें तुझं कोलमाचं पीठ."

"तुळसीबाई काय म्हणाल्या?"

"कांही नाहीं. त्यानं पेटी भरायला घेतली आहे. रविवारीं वेलचेरीला मित्राच्या फ्लॅटवर जातो म्हणतो. आयुधपूजेला, तुमच्या खंडेनवमीला, ती सगळ्यांसमोर बोलून गेली होती ना, ही गाडी एकदांची बंद पडूं दे, आंजनेय-मारुतीला वड्यांची माळ घालीन म्हणून! पण अक्का, तिनं कांही केलं नाहीं. तें मला पक्कं ठाऊक."

"कसं काय?"

राममूर्तींनी मागे वळून जिना पाहिला. मग खुर्चीच्या कडेवर टेकले.

"कारण तें मीं केलं."

२

गुन्हेगार स्वतःहून जिना चढून येतो असा अनुभव जयवंतीबाईंना नवा होता. त्यांनी त्याला कॉफी दिली.

गुन्हा असा होता. ज्या दिवशी श्रीवत्स बसनं त्याच्या गाड्यादुरुस्तीच्या शेडवर जाई आणि गाडी पोर्टिकोत राही, त्या दुपारी तुळसीबाईंचा डोळा लागला की राममूर्ती किल्ली घेऊन गाडीत जाऊन बसत. इंजिन चालू, एसी चालू, नादस्वराची कॅसेट चालू. जागच्या जागी गिअर बदलत. कधी मदुराई, कधी तंजावर. वाटेत कुंभकोणमला तिथली नावाजलेली डिग्री कॉफी.

"त्या लाल भुताला घरात घेऊ नका म्हणून ओरडणारे तुम्हीच ना?"

"ओरडावं लागतं, अक्का. बाप आहें." राममूर्ती लाजले. "समोर आंजनेयाचा स्टिकर आहे. गाडी जागची हालत नाहीं, तरी त्याला नमस्कार करूनच किल्ली फिरवतों. उभ्या गाडीचं इंजिन चालवून चालवून मींच तें मारलं."

"आणि पांढरी पूड?"

"ती कुठून आली, मला ठाऊक नाहीं."

"मग अर्धाच गुन्हा कबूल करताय. अर्ध्या गुन्ह्याला माझ्याकडे शिक्षा नाही," असं म्हणत जयवंतीबाई उठल्या. भिंग त्यांनी पदराच्या टोकाला बांधून घेतलं.

खाली स्वयंपाकघरात तुळसीबाई शेवग्याचा पाला निवडत होत्या. देठ टोपलीत आणि पानं केरात पडत होती. जयवंतीबाईंनी दोन्ही भांड्यांची जागा बदलली आणि समोर पाट ओढला.

"गाडीचा आवाज कसा होता हो, तुळसीबाई? तुम्ही पहाटे कोलम घालायला जायचात, तेव्हाच तो गाडी चालू करायचा. तुमच्याइतकी कुणी ऐकली नसेल."

या प्रश्नाची तुळसीबाईंनी अपेक्षा केली नव्हती. "ओरडायची तें ओरडायचीच. पण श्रावणापासून एक नवा आवाज. चालू केली की पहिल्यांदा खुळखुळ, खुळखुळ. नाचणारीच्या पायांतल्या घुंगरांसारखा. मग गरम झाली की बंद. मीं सांगितलं त्याला. म्हणाला, अम्मा, तुला सगळ्याच आवाजांचा त्रास."

"हूं. आणि आयुधपूजेला काय झालं?"

पाल्याची काडी तुळसीबाईंच्या बोटांत मोडली. "तुम्हांला कुणीं सांगितलं?"

नवसाखेरीज कुणी काही सांगितलं नव्हतं. पण कोरी पाटी पुढे केली की माणूस आपणच लिहितो, हे जयवंतीबाईंना ठाऊक होतं.

"मिक्सरला कुंकूं लावलं, शिलाईयंत्राला लावलं, फ्रिजला, टीव्हीला लावलं. मग त्याच्या गाडीला. त्या शर्यतीच्या ट्रॅकवर जाऊन तो वाऱ्यासारखी पळवतो. म्हणून चिमूटभर पीठ त्याच्यावरून तीनदां ओवाळलं आणि गाडीच्या तोंडांत टाकलं. दृष्ट तिनं खावी, त्याला लागूं नये, म्हणून."

"गाडीचं तोंड कुठलं?"

"मागचं नळकांडं. जिथून श्वास सोडते, तें तोंड, नाहीं कां?" "त्याला राखायला टाकलं आणि त्याचंच नुकसान केलं. ज्या हातानं केलं त्या हातानं दारांत कसला कोलम घालूं? आणि त्याला सांगूं तरी काय? हंसेल, नाहीं तर जाईल. जायला तर निघालाच आहे."

आता दोन गुन्हेगार झाले. दोघे एकाच छपराखाली, एकमेकांपासून लपून. जयवंतीबाईंनी तुळसीबाईंचा हात आपल्या हातात घेतला.

"मुलगा इतका नास्तिक, मग गाडीत आंजनेय कसा?"

तुळसीबाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी उजळलं. "मींच दिला होता, गाडी आणली त्या दिवशीं. घेतला नाहीं, ड्रॉवरमध्यें टाकला. आणि मग श्रावणांत एके दिवशीं आपणहून मागून घेतला, आणि अगदीं डोळ्यांसमोर लावला. स्टिअरिंगच्या मागे, वेगाच्या कांट्यांच्या शेजारीं. सांगितल्याशिवाय! मला वाटलं, मुलगा मोठा झाला."

जयवंतीबाईंनी पाल्याची एक काडी उचलून निवडली. पण देवाला जागा देताना माणूस सहसा काट्यांच्या शेजारची जागा देत नाही, एवढं त्यांनी मनात टिपून ठेवलं.

३

श्रीवत्सची शेड औद्योगिक वसाहतीच्या मागच्या रस्त्यावर होती. पत्र्याच्या छपराखाली ती लाल गाडी पोट उघडून बसली होती. ऑपरेशन अर्धवट सोडून डॉक्टर जेवायला गेल्यासारखी. डॉक्टर व्यंकट खरोखरच दहीभात खात होता.

व्यंकटला ही गाडी पहिल्या दिवसापासून हवी होती, हे अख्ख्या गल्लीला माहीत. बिघडलेली गाडी स्वस्तात पडते, हेही. संशयाला एवढं भांडवल पुरे होतं, पण जयवंतीबाईंनी ते बाजूला ठेवलं आणि आधी त्याचा डबा संपू दिला.

"मामी, सरळ केस आहे," तो हात धुऊन म्हणाला आणि एक काडेपेटी पुढे केली. आत पांढुरकी पूड होती. "पिस्टनच्या माथ्यावर होती ही, आणि एक्झॉस्टच्या भोकांत. कुणीतरी आत टाकली."

"आत टाकायला रस्ता कुठला? हवा जिथून आत जाते, तिथला फिल्टर दाखव बघू."

व्यंकटनं फिल्टर दाखवला. जयवंतीबाईंनी तो खिडकीशी नेऊन पाकळी पाकळी उलगडून पाहिला. धूळ होती, रस्त्याची, काळी. पांढरा कण नव्हता.

"राखणदार पुढच्या दारात जागा होता. त्याच्या अंगावर काही नाही. मग चोर मागच्या दारानं आला असेल, व्यंकट."

व्यंकट हसला. "मागच्या दारानं फक्त बाहेर जातात, मामी. धूर. सायलेन्सर, पाइप, ही सगळी बाहेर जायची वाट. जुनी झाली तर आवाज करेल, पेट्रोल जास्त खाईल. मागचा पाइप म्हातारा झाला म्हणून पुढचं इंजिन मरतं, असं मी कधी ऐकलं नाही. बाहेर जाणाऱ्या वाटेवरचा कचरा आत कसा येणार?"

प्रश्न चोख होता आणि तेवढ्यापुरता व्यंकट जमेला धरावा लागला. जयवंतीबाई गाडीभोवती वाकून फिरल्या. इंजिनाला अगदी चिकटून, जिथून धुराचा पाइप सुरू होतो तिथे, गंजलेल्या पत्र्याचा एक फुगीर डबा होता. सगळं तपकिरी, आणि त्यावर एक कोरी करकरीत पट्टी आवळलेली.

"ही नवी पट्टी कुणाची?"

व्यंकटचं हसू गेलं. "माझी. श्रीवत्स म्हणाला सकाळी खुळखुळतं. वरचा पत्रा सैल असेल म्हणून मी आवळला."

"मग खुळखुळ थांबली?"

त्यानं मान खाली घातली. "नाही."

"आत काय आहे, ते पाहिलंस?"

"नाही, मामी." आणि मग, कुणी न विचारता, "गाडी मला हवी होती हे खरं. पण अशी नको होती."

तिसरा कबुलीजबाब. जयवंतीबाईंनी काडेपेटी मुठीत धरली. या घरात आणि घराच्या आसपास प्रत्येकाला आपणच गुन्हेगार आहोत असं वाटत होतं. फक्त ज्यानं आरोप केला होता, त्याला सोडून.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी राममूर्तींना पायरीवर बसवून जयवंतीबाईंनी फरशीवर दोन चिमटी ठेवल्या. एक तुळसीबाईंच्या डब्यातली, दुसरी व्यंकटच्या काडेपेटीतली.

"आता काय, अक्का?"

"आता साक्षीदार येतील."

साक्षीदार आले. लाल मुंग्या, पायरीच्या फटीतून, ओळीनं. रोजची पंगत अचानक बंद झाल्यामुळे रागावलेल्या दिसत होत्या. डब्यातल्या पिठावर त्या तुटून पडल्या. तुळसीबाईंचं पीठ अस्सल तांदळाचं. बाजारातली दगडाची पूड त्यांनी कधी दारात येऊ दिली नव्हती, कारण कोलम म्हणजे सकाळी पहिला घास मुंगीला, असं त्यांच्या सासूनं शिकवलेलं. काडेपेटीतल्या पुडीजवळ मात्र मुंग्या गेल्या, मिशा हलवल्या आणि वळसा घालून परत आल्या.

"पण अक्का," राममूर्तींमधला बँकवाला जागा झाला, "इंजिनांत जळलेलं पीठ मुंगी कशाला खाईल?"

"जळलेलं पीठ पांढरं राहतं? तुळसीबाईंचा डोसा कधी पांढरा करपला होता?"

राममूर्ती विचारात पडले. "करपला होता. काळा."

जयवंतीबाईंनी भिंग पुडीवर धरलं आणि त्यांना वाकायला सांगितलं. कणांमध्ये एक जरा मोठा तुकडा होता. पापुद्र्याएवढ्या पातळ दोन भिंती, काटकोनात जोडलेल्या. जणू एखाद्या इवल्या खोलीचा कोपरा.

"पिठाला कोपरे नसतात, राव. हे कुणाचं तरी घर पडलंय. श्रीवत्सला म्हणावं, पेटी भरून झाली असेल तर शेडवर ये. तुम्ही दोघंही चला."

५

श्रीवत्स गाडीपाशी हाताची घडी घालून उभा होता. तुळसीबाई दाराशी, आत न येता. राममूर्ती दोघांच्या मधे, नेहमीप्रमाणे.

"मामी, तुम्ही अम्माची बाजू घेणार, ठाऊक आहे मला," तो म्हणाला.

"मी कुणाची बाजू घेत नाही, मी भाग तपासते. तो फुगीर डबा सोडव."

व्यंकटनं आणि त्यानं मिळून नटांना तेल पाजलं, शिव्या दिल्या, डबा सोडवला. श्रीवत्सनं तो हलवला.

खुळखुळ, खुळखुळ.

दाराशी तुळसीबाईंनी चटकन मान वर केली. "तोच! तोच आवाज."

व्यंकटनं विजेरी मारली. आत चिनीमातीची मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी असायला हवी होती. धूर स्वच्छ करणारी, हजारो चौकोनी भोकांची. विटेएवढी जाळी होतीही, पण अर्धीच. इंजिनाकडचं तोंड उंदरांनी कुरतडल्यासारखं खचलेलं, आणि तळाला पांढुरकी पूड. जयवंतीबाईंनी काडेपेटीतला तो कोपरा चिमट्यानं उचलून जाळीच्या एका चौकोनाशी धरला. भिंतीची जाडी तीच. काटकोन तोच.

"चोर हा," त्या म्हणाल्या. "वयानं आणि उष्णतेनं जाळी तडकली. सैल झाली, हलायला लागली, घासून घासून तिचं पीठ झालं. तीच तुमची घुंगरं, तुळसीबाई. तुम्ही एकट्यांनीच चोराच्या पायांचा आवाज ऐकला होता."

"पण आत कसं गेलं?" व्यंकटचा प्रश्न तिथेच होता.

"इंजिन श्वास सोडतं आणि घेतं. दर खेपेला एक निमिष असं येतं की दोन्ही दारं किंचित उघडी असतात, आणि सोडलेल्या श्वासातला घोटभर माघारी ओढला जातो. दाराबाहेर स्वच्छ हवा असेल तर बिघडत नाही. पण वेगासाठी हा डबा अगदी इंजिनाच्या नरड्याशी बसवलाय. त्यात पूड साचली, की घोटाबरोबर पूड आत. मग ओरखडे, मग तेल जळणं, जळलेल्या तेलानं जाळी आणखी खराब, आणखी पूड. म्हातारा पाइप इंजिन मारू शकतो, व्यंकट. फक्त तो नरड्याजवळचा असावा लागतो."

"आणि मीं टाकलेलं पीठ?" तुळसीबाई हळूच म्हणाल्या.

श्रीवत्स वळला. "कुठलं पीठ?"

मग ते बाहेर आलं. ओवाळणं, चिमूटभर पीठ, नळकांड्याचं तोंड. सांगताना त्या मुलाकडे न पाहता फरशीकडे पाहत होत्या.

"ते पीठ," जयवंतीबाई मधेच म्हणाल्या, "मागच्या टोकाला, इतक्या लांब, मधे सायलेन्सरचा डबा. पहिल्या फुंकरीला बाहेर उडालं असेल. आयुधपूजेला गाडी चालू केलीस तेव्हा मागे कोण उभं होतं?"

"अप्पा," श्रीवत्स म्हणाला.

"तरीच त्या दिवशीं माझं पांढरं धोतर काळं झालं," राममूर्ती म्हणाले. काजळीत कालवलेलं पीठच त्यांच्या अंगावर उडालं होतं. "आणि दुपारीं मीं तिच्यांत बसत असें," त्यांनी घाईघाईनं तेही उरकून घेतलं.

कुणी हसलं नाही, पण हसायला थोडीशी जागा झाली.

६

तुळसीबाई आणि राममूर्ती रिक्षात बसेपर्यंत जयवंतीबाई मागे रेंगाळल्या. श्रीवत्स ड्रायव्हरच्या जागेवर बसला होता. त्या शेजारच्या सीटमध्ये उतरल्या. चढण्याऐवजी गाडीत उतरावं लागतं, याची मनात नोंद झाली.

"आता आंजनेयाला बाजूला कर."

तो हलला नाही.

"श्रावणात खुळखुळ सुरू झाली. श्रावणातच तुला भक्ती सुचली. काट्यांच्या शेजारी."

मग श्रीवत्सनं नखानं स्टिकरची कड उचलली. खाली छोटं इंजिनाचं चित्र होतं. बिघाड झाला की पिवळं पेटणारा दिवा.

"रोज दिसायचा, मामी. जुन्या गाडीत लागतोच, असं सगळे म्हणाले. मला वाटलं होतं काहीतरी आहे. पण उघडलं असतं तर ट्रॅकचा सीझन गेला असता." त्यानं स्टिअरिंगवरची धूळ पुसली. "मग परवा पांढरं दिसलं, आणि अम्माचं नाव घेणं सोपं वाटलं."

"हे मी घरी कुणाला सांगितलेलं नाही."

"तिला वाटतं मी देव म्हणून लावला. ती सगळ्या गल्लीला सांगत असते. ते मोडू?"

"भाग नापास का, एवढं मी सांगते. पुढचं कारखान्यानं बघायचं." त्यांनी त्याच्या डोक्यावर हलकेच टपली मारली. "पण गेले दोन दिवस ती स्वतःला दोषी धरून बसली आहे, आणि तिच्या नावावरचं ओझं तुझं आहे. उचलशील तर बघ."

रविवार उजाडला. जयवंतीबाई कॉफी घेऊन कठड्याशी आल्या. पोर्टिकोत पेटी नव्हती. दारात सडा पडला होता, आणि त्यावर एक दांडगा मुलगा उकिडवा बसून बोटांतून पीठ सोडत होता. ठिपके दारूच्या गुत्त्यातून घरी निघालेल्या माणसासारखे चालले होते. पायरीवर तुळसीबाई कमरेला पदर खोचून.

"डावीकडे एक ठिपका राहिला. तो नव्हे रे! बघा हो अक्का, याला इंजिन जोडतां येतं, दोन ठिपके जोडतां येत नाहींत."

"बोलणं झालं वाटतं?" वरून जयवंतीबाईंनी विचारलं.

"झालं. सगळं सांगितलंन." तुळसीबाईंनी मुलाच्या पाठीकडे पाहिलं. "मीं म्हटलं, त्या बिचाऱ्या आंजनेयाला पेटत्या दिव्यावर बसवलंस? शेपूट पेटवून घ्यायची त्याला संवय आहे, म्हणून चाललं हो. आतां आणलाय देवघरांत." मग आठवल्यासारखं, "आणि नवस तर फेडायलाच हवा. गाडी बंद पडली ना. वडे तळूं लागतां कां मदतीला?"

"मीं तळतों," आतून राममूर्तींचा आवाज आला. या घरात अजून कुणाला तरी प्रायश्चित्त हवं होतं.

मुंग्या फटीतून बाहेर पडल्या आणि वाकड्या नक्षीवरून सरळ चालू लागल्या. त्यांना आकाराशी कर्तव्य नव्हतं.

तेवढ्यात परवाचीच शेजारीण फाटकाशी थांबली. तिनं कोलम पाहिला, पुन्हा पाहिला. त्या दारात इतकी वेडीवाकडी नक्षी तिनं कधी पाहिली नव्हती.

"काय हो तुळसी मामी, नवी सून आली काय घरात?"

"नाहीं गे," तुळसीबाई म्हणाल्या. "मुलगा आला."